परीक्षेची धास्ती : एका जुन्या भयाचा आणि त्यावरील जुन्या उपायाचा इतिहास

या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला, तेव्हा माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मला कारखान्याच्या फाटकाशी गाठून विचारले, “बोनस आणि कंत्राटी कामगार सोडून तुम्ही पोरांच्या परीक्षेवर कधीपासून बोलू लागलात?” प्रश्न रास्त होता. परंतु ज्याने तो विचारला त्या गृहस्थालाच मी काही वर्षांपूर्वी बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेच्या दिवशी पाहिले होते. अठरा वर्षे बॉयलरपुढे उभा राहिलेला हा माणूस. पाणी कमी झाले की काचेकडे न पाहता नुसत्या आवाजावरून ओळखणारा. तोंडी परीक्षेत त्याला सेफ्टी व्हॉल्व्हचे काम विचारले, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. घशाला कोरड पडली, तळहात भिजले. पाच मिनिटांनी तो बाहेर आला, पायरीवर बसला आणि तेच सारे उत्तर त्याने मला घडाघडा सांगितले. ज्याच्या हाती शेकडो माणसांचा जीव सुखरूप होता, तो तीन माणसांच्या टेबलापुढे गारठला. हे भय काय आहे, ते कोठून आले आणि त्यावर माणसांनी काय काय करून पाहिले, हा आजचा विषय. म्हटले तर तो कामगारांचाच विषय आहे.

परीक्षेचे भय माणसाच्या जन्माबरोबर आलेले नाही. सुताराचा मुलगा रंधा मारायला शिके, तेव्हा त्याची परीक्षा रोजच होत असे. पण तीन तासांत जन्माचा निकाल लावणारा दिवस त्याच्या आयुष्यात नव्हता. असा दिवस राज्यकारभाराच्या गरजेतून निर्माण झाला आणि तो प्रथम मोठ्या प्रमाणावर चीनने निर्माण केला. सातव्या शतकाच्या आरंभापासून १९०५ सालापर्यंत, म्हणजे जवळजवळ तेराशे वर्षे, चीनमध्ये सरकारी अधिकारी परीक्षा घेऊन निवडले जात. नानजिंगच्या परीक्षा-मैदानात वीस हजारांच्या आसपास कोठड्या होत्या. प्रत्येक कोठडीत दोन फळ्या. दिवसा एक बसण्यास व एक लिहिण्यास, रात्री दोन्ही जोडून त्यांवर अंग टाकावयाचे. उमेदवार आपली शिदोरी आणि शाई घेऊन आत जात आणि मग दरवाजे बंद होत.

कल्पना मोठी न्यायाची होती, हे मान्य केले पाहिजे. जन्माने नव्हे, लेखणीने अधिकार मिळावा ही गोष्ट त्या काळी जगात दुसरीकडे क्वचितच आढळे. पण दार अरुंद आणि बाहेर गर्दी अफाट, असे झाले की न्यायाचेही ओझे होते. ग्वांगडुंग प्रांतातील एका शेतकरी कुटुंबातला हुंग श्यू-च्वान हा तरुण अशाच परीक्षेला पुनःपुन्हा बसला. १८३७ साली तिसऱ्यांदा नापास झाल्यावर तो अंथरुणाला खिळला, कित्येक दिवस भ्रमात होता आणि त्या भ्रमात त्याला दृष्टांत झाले. १८४३ साली तो चौथ्यांदा नापास झाला. पुढे त्याच दृष्टांतांच्या आधारावर त्याने ताइपिंगचे बंड उभारले. १८५१ ते १८६४ या काळात ते चालले आणि त्यात दोन कोटींच्या घरात माणसे मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बंडाची कारणे दुष्काळ, जमीनदारी आणि परकीय तोफा यांत शोधावी लागतात. एका नापास विद्यार्थ्याच्या माथी सारे मारणे बरोबर नाही. तरीही त्या कोठडीतून बाहेर पडलेल्या तरुणाचे काय होते, इकडे राज्यकर्त्यांनी लक्ष द्यायला हवे होते, एवढे खरे.

हिंदुस्थानात हे यंत्र इंग्रजांनी आणले. १८५५ साली लंडनमध्ये सनदी नोकरीची पहिली स्पर्धा-परीक्षा झाली. आमच्या माणसाने परीक्षा द्यायची तर आधी समुद्र ओलांडायचा. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोरांनी ती पार केली. हिंदुस्थानात ही परीक्षा देण्याची सोय व्हायला मात्र १९२२ साल उजाडावे लागले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली झाली. त्या परीक्षेत पंचवीसही उमेदवार उत्तीर्ण झाले नाहीत. उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे होते. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांतही रानडे होते; बरोबर रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

रानड्यांचे नाव मी मुद्दाम घेतो. वसंत ऋतूत लोकांसाठी व्याख्याने करण्याची प्रथा पुण्यात १८७५ साली त्यांच्याच पुढाकाराने पडली. आज मी येथे उभा राहतो तो त्यांच्या पायवाटेने. याच रानड्यांना १८९० नंतरच्या दशकात एका वेगळ्या चिंतेने घेरले होते. विद्यापीठाचे पदवीधर तरुणपणीच का मरतात, असा प्रश्न मुंबईत जाहीरपणे विचारला जाऊ लागला आणि रानड्यांनी त्याचा विचार मांडला. अभ्यासाचा भार, परकी भाषा, घरची ओढाताण, व्यायामाचा अभाव अशा कारणांवर त्या काळी खल झाला. म्हणजे परीक्षेमुळे प्रकृती ढासळते ही तक्रार आजच्या पालकांनी काढलेली नाही. परीक्षा सुरू होऊन चाळीस वर्षे झाली नाहीत, तोच ती तक्रार येथे झालेली आहे.

शरीरात नेमके काय होते याचा छडा अमेरिकेत लागला. हार्वर्डमधील वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली भूक, वेदना, भय आणि राग यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्यात एक मौजेची नोंद आहे. वैद्यकाच्या नऊ निरोगी विद्यार्थ्यांची लघवी अवघड परीक्षेनंतर तपासली, तर चौघांच्या लघवीत साखर आढळली. सोप्या परीक्षेनंतर तपासली, तर एकाच्याच आढळली. शत्रू समोर आला म्हणजे पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी शरीर रक्तात साखर ओतते, हृदयाचे ठोके वाढवते, पोटातील पचनाचे काम थांबवते. वाघ समोर आला तर ही व्यवस्था जीव वाचवते. पण प्रश्नपत्रिकेपुढून पळता येत नाही आणि तिच्याशी झुंजताही येत नाही. तेव्हा पेटवलेल्या भट्टीची वाफ बाकावर बसल्या बसल्याच अंगात कोंडून राहते. माझ्या बॉयलरवाल्या मित्राला हे मी त्याच्या भाषेत सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे व्हॉल्व्ह माझाच अडकला होता!”

पुढे १९५२ साली येल विद्यापीठात मँडलर आणि सॅरासन यांनी परीक्षेच्या धास्तीचे मोजमाप करणारी प्रश्नावली तयार केली. १९६७ साली लीबर्ट आणि मॉरिस यांनी या धास्तीचे दोन भाग पाडले. एक शरीराचा भाग : धडधड, घाम, पोटात गोळा. दुसरा मनाचा भाग : “मी नापास होणार, बाबा काय म्हणतील, शेजारचा बघ कसा भराभर लिहितो आहे” ही आतली अखंड बडबड. पुढच्या संशोधनांत वारंवार असे दिसले की गुण खाते ती मुख्यतः ही बडबड. धडधडणाऱ्या छातीने गणित सुटू शकते. पण हिशेब मांडण्यासाठी मनात जेवढी पाटी असते, तेवढीवर बडबडीने आधीच रेघोट्या मारलेल्या असल्या तर आकडे लिहायचे कोठे?

हे मला पुस्तकातून कळले ते फार उशिरा. अनुभवाने कळले १९८६ साली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा माझे वडील साच्यावर होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वडील परत आत गेलेच नाहीत. मी शाळा सोडली, दिवसा एका छापखान्यात कागद मोजू लागलो आणि रात्रीच्या शाळेत नाव घातले. रात्रशाळा ही आम्हां कामगारांची जुनी मिरास आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. नारायण मल्हार जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ नंतर गिरणगावात रात्रीचे वर्ग चालवले. त्या वर्गांच्या वंशातल्याच एका खोलीत मी दहावीचा अभ्यास केला.

गणिताच्या पेपरला बसलो. पहिला प्रश्न मी आदल्याच रात्री सोडवला होता. तो वाचला आणि डोळ्यांपुढे वडील उभे राहिले; खाटेवर बसून भिंतीकडे पाहणारे. मग फीचे पैसे दिसले, ते आईने कोणाकडून आणले ते दिसले. आकडे दिसेनात. अर्धा तास मी पेन नुसते धरून होतो. केंद्रावरचे एक पर्यवेक्षक मागून म्हणाले, “रात्रशाळेचा ना? उगाच कशाला जागा अडवतोस?” त्या गृहस्थांचे नाव मला ठाऊक नाही, आणि असते तरी सांगितले नसते. मी नापास झालो.

आमच्या चाळीत एक म्हातारे विणकर होते. बाबासाहेबांच्या मागे बौद्ध झालेले. संपानंतर रिकामे झाल्यावर इगतपुरीला दहा दिवस राहून आले होते. नापास झाल्याचे कळताच त्यांनी मला सामाईक गॅलरीत आपल्या शेजारी बसवले. उपदेश एका अक्षराचा केला नाही. म्हणाले, “नाकाशी श्वास येतो-जातो तेवढा बघ. तू ओढू नकोस, तो आपणहून येतो. मन पळाले की त्याला शिव्या देऊ नकोस. नुसते परत आण.” मी विचारले, “किती वेळा?” ते म्हणाले, “साच्यावर धागा तुटला की किती वेळा जोडतोस?” तेवढ्यावर माझे शिक्षण झाले. पावसाळाभर रोज पहाटे पंधरा मिनिटे बसलो आणि ऑक्टोबरच्या परीक्षेत काठावर पास झालो. चमत्कार काही नव्हता. त्याच पावसाळ्यात मी गणिताचे पुस्तकही दोनदा पुरे केले होते. पण परीक्षेच्या दिवशी वडील पुन्हा डोळ्यांपुढे आले, तेव्हा मी त्यांना ओळखले, आणि पेन थांबले नाही.

त्या म्हाताऱ्याने मला जे दिले ते कोठून आले, याचा शोध मी पुढे वीस वर्षे जमेल तसा घेत राहिलो, आणि त्याचा इतिहास मला परीक्षेच्या इतिहासाहूनही नवलाचा वाटला.

पाली भाषेत त्याला ‘सति’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘स्मृति’ या शब्दाचेच पाली रूप. पाठांतर करणाऱ्या पोरांना ज्या स्मृतीची काळजी, तिचेच हे नाव. अर्थ मात्र थोडा वळलेला. गेलेले आठवणे एवढाच नव्हे, तर आत्ता जे चालले आहे त्याचे भान न सुटू देणे, असा. मज्झिमनिकायातील सतिपट्ठान आणि आनापानसति या दोन सुत्तांत श्वासावर लक्ष ठेवण्याची रीत सांगितली आहे : लांब श्वास असेल तर तो लांब आहे हे जाणावे, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणावे, मग शरीर, वेदना, चित्त यांच्याकडे तसेच पाहावे. १८८१ साली ऱ्हीस डेव्हिड्स यांनी या ‘सति’साठी इंग्रजीत ‘माइंडफुलनेस’ हा शब्द योजला. हे ऱ्हीस डेव्हिड्स सिलोनच्या सनदी नोकरीतले. वरिष्ठांशी बिनसल्याने १८७३ साली त्यांची नोकरी गेली आणि जगाला पालीचा पंडित मिळाला. बडतर्फी कधी कधी अशीही फळते. पण कामगारांना मी हे उदाहरण देत नाही.

शतकानुशतके ही साधना बहुतांशी भिक्खूंच्या विहारात राहिली. ती संसारी माणसाच्या हाती आली ब्रह्मदेशात, आणि तीही राज्य गेल्यावर. १८८५ साली इंग्रजांनी मंडालेच्या राजाला पदच्युत केले. राजाश्रय संपला, धर्म कसा टिकणार ही चिंता पडली. लेदी सयाडो (१८४६–१९२३) या विद्वान भिक्खूंनी सोप्या बर्मी भाषेत पुस्तके लिहिली आणि ही विद्या गृहस्थांना शिकवावी असा आग्रह धरला. त्यांच्या शिष्यांत सया थेटजी नावाचे एक भातशेती करणारे शेतकरी होते. १९३७ साली त्यांच्याकडे ऊ बा खिन (१८९९–१९७१) हे कारकून शिकले.

या ऊ बा खिन यांच्यापाशी मी जरा थांबतो, कारण ते आपल्यांतले आहेत. गरिबीमुळे शिक्षण अर्धवट टाकून ते आधी वर्तमानपत्रात आणि नंतर अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकुनीला लागले. नोकरी सांभाळून अभ्यास केला आणि १९२६ साली हिशेबखात्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा, १९४८ साली, त्याच खात्याचे ते प्रमुख झाले आणि कचेरीतल्या कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवू लागले. खतावण्या आणि श्वास एकाच इमारतीत. साहेबाने कारकुनांना डोळे मिटून बसवावे, हे ऐकले की माझ्यातील संघटनेचा माणूस कान टवकारतो. पण या साहेबाने लाचलुचपत निपटण्याचाही ध्यास घेतला होता, असे त्यांच्याविषयी लिहिलेले आहे.

१९५५ साली त्यांच्याकडे मंडालेत जन्मलेले एक मारवाडी उद्योगपती आले, सत्यनारायण गोएंका. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता, मॉर्फिनवाचून शमत नसे. ऊ बा खिन यांनी प्रथम त्यांना नकारच दिला. डोकेदुखीसाठी ही विद्या मागणे म्हणजे तिची किंमत कमी करणे, असा त्यांचा मुद्दा. मनाची मलिनता काढण्यासाठी येत असाल तर या. डोकेदुखी गेली तर ती सोबत जाईल. परीक्षेच्या गुणांसाठी श्वास शिकवणाऱ्या आम्हां लोकांनी हा नकार विसरता कामा नये. १९६९ साली गोएंका हिंदुस्थानात आले आणि त्यांचे पहिले शिबिर मुंबईत झाले. १९७६ पासून इगतपुरीला केंद्र चालू झाले. आमच्या चाळीतील विणकर तेथेच गेले होते. शेतकऱ्याकडून कारकुनाकडे, कारकुनाकडून कारखानदाराकडे आणि तेथून विणकराकडे, असा हा प्रवास. त्यात पदवीचा प्रश्न कोणी कोणाला विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

दुसरी एक वाट त्याच्याही आधी आपल्या भाषेतून गेली आहे आणि तिची आठवण कमी निघते. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांच्यापाशी मॅट्रिकचेही प्रमाणपत्र नव्हते. नारळाच्या बागेची राखण करणाऱ्या या तरुणाला बुद्धाची ओढ लागली, आणि १८९९ साली घर सोडून तो पुणे, काशी, नेपाळ करीत १९०२ साली सिलोनला पोचला, भिक्खू झाला, ब्रह्मदेशात ध्यान करून आला. पुढे कलकत्त्याला पाली शिकवली, हार्वर्डमध्ये विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम केले, फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन केले. सयाजीराव महाराजांनी महिना पन्नास रुपये देऊ केले ते महाराष्ट्रात राहून लिहिण्यासाठी, आणि कोसंबींनी ते स्वीकारले. आणि उत्तरायुष्यात या माणसाने मुंबईत परळला कामगारवस्तीत ‘बहुजनविहार’ उभारला. परीक्षा न देता एवढे शिकता येते, हे मी नापास मुलांना सांगतो. मात्र कोसंबींइतकी पायपीट करण्याची तयारी आहे काय, हेही विचारतो.

आणि परीक्षेची आणि बुद्धाची गाठ आपल्याकडे पडली ती तर १९०७ सालीच. परळच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात पहाटे दोनला उठून दिव्याशी अभ्यास करणारा भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२. आजच्या हिशेबाने कोणी पेढाही वाटणार नाही. पण अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलाने ते मिळवले होते, म्हणून सत्काराची सभा भरली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले, जे पुढे कामगारांचे पुढारी म्हणून गाजले. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. एकोणपन्नास वर्षांनी नागपूरला काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. दोनशे ब्याऐंशी गुणांमागे एवढा इतिहास असू शकतो.

आता अलीकडचा काळ. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जॉन कॅबट-झिन यांनी, दुखणे बरे होत नाही म्हणून डॉक्टरांनी हात टेकलेल्या रुग्णांसाठी वर्ग काढला. धर्माचे नाव बाजूला ठेवून श्वास आणि शरीर यांकडे लक्ष देण्याचा सराव तेवढा घेतला. तेथून ही गोष्ट विद्यापीठांत गेली, आणि मग तिचीच परीक्षा सुरू झाली. २०१३ साली कॅलिफोर्नियात ४८ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला : निम्म्यांना दोन आठवडे हा सराव, निम्म्यांना आहारशास्त्राचा वर्ग. सराव केलेल्यांचे उताऱ्यावरील प्रश्नांचे गुण वाढले आणि मनाचे भरकटणे कमी झाले. ज्यांचे मन मुळात फार भरकटे त्यांना लाभ अधिक. मग केंब्रिजमध्ये ६१६ विद्यार्थी घेऊन मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांचा वर्ग केलेल्यांचा परीक्षेच्या दिवसांतील ताण इतरांहून कमी होता.

येथेच थांबलो असतो तर मी प्रचारक झालो असतो. २०२२ साली ब्रिटनमधील ८४ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवरील चाचणीचा निकाल आला. अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षकांनी वर्गात हा सराव शिकवला; नेहमीच्या पद्धतीने शिकवलेल्या मुलांपेक्षा त्यांची मनःस्थिती काही चांगली झाली नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. केंब्रिजचे विद्यार्थी आपण होऊन आले होते. या मुलांना तासाला बसवले होते. सभेला आणलेली माणसे आणि आलेली माणसे यांतला फरक संघटनेत काम केलेल्याला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या महाराष्ट्रातही या शतकाच्या दुसऱ्या दशकात शाळांतून आनापानाचा ‘मित्र उपक्रम’ सुरू झाला. तो जेथे शिक्षक स्वतः बसतात तेथे फळतो आणि जेथे हजेरीच्या रकान्यापुरता असतो तेथे रकान्यातच राहतो, असे मी पाहिलेल्या थोड्या शाळांपुरते म्हणू शकतो.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. एका कारखान्यात व्यवस्थापनाने चहाची सुटी दहा मिनिटांनी कापली आणि त्याच आठवड्यात ताणमुक्तीसाठी श्वासाचा वर्ग ठेवला. कामगार मला म्हणाले, “श्वास घ्यायला वेळ होता तोच काढून घेतला आणि आता श्वास शिकवतात!” आम्ही वर्गाला विरोध केला नाही, सुटी परत मागितली आणि सात महिन्यांनी मिळवली. परीक्षेचेही तसेच आहे. दहावीला दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुले बसतात. पुढे डॉक्टरीच्या आणि सरकारी नोकरीच्या जागा किती, हे सर्वांना दिसते. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत तिशी उलटलेली पोरे दिव्याखाली वाकून बसलेली मी पाहतो, तेव्हा मला नानजिंगच्या कोठड्या आठवतात. २०२२ साली देशात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला, आणि राज्यवार पाहता महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. त्या साऱ्यांचे कारण परीक्षा नव्हते. तरी जागा वाढवा, फेरपरीक्षा सुलभ करा, नापासाला दुसरे दार ठेवा, या मागण्या श्वासाने फिटत नाहीत. आणि जे मूल जेवत नाही, झोपत नाही, मरणाची भाषा बोलते, त्याला डोळे मिटून एकटे बसवू नये. त्याच्याजवळ माणूस बसला पाहिजे आणि त्याला डॉक्टरकडे नेले पाहिजे. हे मी आमच्या कार्यकर्त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो.

आमच्या संघटनेच्या कचेरीत जानेवारीपासून संध्याकाळी अभ्यासिका भरते. कंत्राटी सफाई कामगारांची, घरकामगार बायांची मुले येतात. बॉयलरची आणि वायरमनची परीक्षा देणारे बापेही येतात. आरंभी दहा मिनिटे सारे श्वासाशी बसतात. कोणी कंटाळला तर बाहेर जाऊन चहा घ्यावा, सक्ती नाही. आठवडाभराने आम्ही एक गोष्ट वाढवतो : जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ आणि परीक्षेसारखी रांग. कारण शांत खोलीत श्वास पाहणे सोपे. तो तेथे पाहायला शिकले पाहिजे जेथे छाती धडधडते. प्रश्नपत्रिका हाती आली की लिहिण्याआधी पाय जमिनीला टेकले आहेत हे जाणावे आणि तीन श्वास पाहावेत. मन “नापास होणार” म्हणाले, तर त्याच्याशी वाद घालू नये आणि त्याचे खरेही मानू नये. ‘हा विचार आला’ एवढे म्हणून हातातील ओळीवर परत यावे. ओळ सुटली की पुन्हा यावे. धडधड थांबण्याची वाट पाहू नये, ती बरोबर घेऊनच लिहावे. मुलांना हे शेवटचे वाक्य फार आवडते. त्यांना वाटत असते, आधी भीती गेली पाहिजे आणि मग पेपर सुरू होणार.

गेल्या फेब्रुवारीत एका घरकामगार बाईची मुलगी पहिला पेपर देऊन थेट कचेरीत आली. कसा गेला असे मी विचारले. म्हणाली, “अर्ध्यात सगळे कोरे झाले होते, काका. मग तीन श्वास बघितले. आठवले नाही. मग आणखी तीन बघितले.” “मग आठवले?” “नाही. मग मी तो प्रश्न सोडला आणि पुढचा लिहिला.” बॉयलरवाला मित्र तेव्हा शेजारच्या बाकावर बसून दुसऱ्यांदा फॉर्म भरत होता. त्याने मान वर करून तिला विचारले, “पुढचा किती मार्कांचा होता?”